एकदा साठ होऊ दे

मी सायकलच्या हँडलवर बसणारं मीटर बोलतोय. आगपेटीहून लहान, काळा डबा, समोर करड्या काचेत चार आकडे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जिवाला कसली आलीय कहाणी! आहे हो. आणि ती सांगून होईपर्यंत माझा सेल टिकावा, एवढंच मागणं आहे. जन्मभर आकड्यांत बोललोय, त्यामुळे पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका शेजारी शेजारी बसून आमच्या पोटात तारा भरत होत्या आणि मुलांच्या शाळेबद्दल बोलत होत्या. शेवटच्या बाईने मला कानाशी धरून हलवलं, पाठीवर 'पास' असा शिक्का मारला आणि खोक्यात टाकलं. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. आता तो आठवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझं काम सोपं. चाकाच्या तारेला एक चुंबक बसवतात. ते माझ्या वायरीसमोरून गेलं की मी समजतो, एक फेरी झाली. पण एका फेरीत चाक किती रस्ता कापतं, हे मला आपलं आपण कळत नाही. ते सांगावं लागतं. माझ्या पाठीवर टाचणी जाईल एवढ्या भोकात एक बारकं बटण आहे. ते दाबून चाकाचं माप भरायचं. लहान चाकाला लहान माप, मोठ्याला मोठं. एकदा सांगितलं की मी विसरत नाही.

मी पहिल्यांदा बसलो तो एका नऊ वर्षांच्या मुलीच्या छोट्या सायकलवर. सायकलवाल्या मिस्त्रीने टाचणीने माझ्या पाठीत लहान चाकाचं माप भरलं. पोरगी गोड होती. दूधवाल्यापासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना थांबवून माझे आकडे वाचून दाखवायची. दोन वर्षांत तिचे गुडघे हँडलला लागायला लागले. सायकल मिस्त्रीकडे परत आली, विकली गेली. मी मात्र नटबोल्टच्या डब्यात पडलो, वर्षभर, गंजक्या स्प्रिंगांच्या संगतीत.

तिथून मला बाहेर काढलं ते बारक्यासाठी.

बारक्या म्हणजे कोणी पोर नव्हे. वय चोपन्न, वजन शंभराला टेकलेलं. नोकरी पाणीपुरवठा खात्यात. वीस वर्षं घरोघर फिरून पाण्याची मीटरं वाचली, मग बढती मिळून तक्रारीच्या खिडकीत बसला, आणि बसला तो बसलाच. त्याचं नाव काय ते मला कधी कळलं नाही, कारण माझ्या समोर त्याला हाक मारणारा मुख्य माणूस त्याचा मोठा भाऊ होता, आणि तो त्याला बारक्या म्हणायचा. बायको 'अहो' म्हणायची. मीही बारक्याच म्हणतो.

लहानपणी बारक्याची छाती भरून यायची, दहा पावलं पळाला की दम लागायचा. शाळा दोन कोस. दादा त्याला रोज सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचा, आणायचा. सात वर्षं. बारक्याला सायकल चालवायला शिकवली तीही दादानेच, पण लांब कधी जाऊ दिलं नाही. हे सगळं मला पुढे तलावाच्या काठावर बसून बारक्यानेच सांगितलं. म्हणजे सांगितलं चौकीदाराला, ऐकलं मी.

आता दादाचीच छाती गेली होती. साठ किलोमीटरवरच्या गावी आपल्या घरात, नाकात नळी लावून बसलेला असायचा. बारक्या दर पंधरा दिवसांनी रविवारी बसने जायचा, दुपारभर दादाजवळ बसून यायचा. अशाच एका रविवारी दादा बोलून गेला, "बारक्या, आयुष्यभर तुला डबलसीट नेलं रे. एकदा तू सायकल मारत ये माझ्या दारात. बघायचंय मला."

दादा हसत बोलला होता, वहिनीही हसल्या होत्या. बारक्या हसला नाही. सोमवारी ऑफिस सुटल्यावर तडक मिस्त्रीकडे गेला आणि मोठ्या चाकाची, वापरलेली पण धडधाकट सायकल घेतली.

"मीटर पाहिजे," तो म्हणाला. "मीटरशिवाय कळणार कसं?"

मिस्त्रीने डबा उपडा केला, मला पुसून नवा सेल घातला आणि हँडलवर चढवलं. "हे पुढचं बटण दाबलं की रोजचा आकडा शून्य होतो. मागे एक बारकं बटण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका हं साहेब, सगळं बिघडेल. आतलं सगळं सेट आहे."

सेट होतं. छोट्या पोरीच्या छोट्या चाकाचं!

मी वाट बघत होतो की आता टाचणी येईल, आता माप विचारतील. मिस्त्री पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बारक्याने माझ्यावर रुमालाची पिशवी करून घातली आणि सायकल हातात धरून घरी चालत नेली, कारण रहदारीत चालवायची भीती वाटत होती. तो क्षण गेला तो गेलाच. मला तोंड नाही. मला चार आकडे आहेत, आणि ते चारही चुकीचे येणार होते. मोठं चाक एका फेरीत जेवढं जातं त्यातलं पाऊण आणि वर चिमूटभर, एवढंच मी दाखवणार होतो. चार किलोमीटर कापले की म्हणणार, तीन झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या गावाबाहेरच्या तलावावर निघाला. खात्याचाच तलाव, कडेने गुळगुळीत रस्ता, गाड्यांना बंदी. फाटकाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. उतरला, फाटकाच्या खांबाला धरून उलटी केली. मी दाखवले दोन पूर्णांक तीन. खरे झाले होते तीन. पहिल्याच दिवशी मी त्याच्या घामातला एवढा वाटा खाल्ला.

तिथला चौकीदार बघत होता. हाडकुळा, मिशीवाला, उभा जन्म सायकलवर गेलेला माणूस. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेब, सीट किती खाली ठेवलीय! गुडघे जातील कामातून. टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हायला पाहिजे." स्वतःच पाना आणून सीट चढवली. मग विचारलं, "वजन कमी करताय होय?"

"भावाकडे जायचंय. साठ किलोमीटर."

चौकीदाराने त्याला पायापासून टाळूपर्यंत न्याहाळलं. "आज?"

बारक्या हसला. दोघांची गट्टी जमली ती तिथेच.

पुढचे पाच महिने या दोघांनी जो घाट घातला, तो मी रोज जवळून पाहिला. एक दिवस थोडं, एक दिवस आराम, रविवारी लांब. दर रविवारी दोनच किलोमीटर वाढवायचे, हावरटपणा नाही. चौकीदार सांगायचा, तहान लागायच्या आधी पाणी प्या, भूक लागायच्या आधी केळं खा, चढावर दात ओठ खाऊ नका, गिअर हलका करा आणि पाय फिरवत राहा. बारक्या शाळकरी मुलासारखं ऐकायचा. पोटऱ्यांत गोळे आले, बसायची जागा सोलवटून निघाली, एकदा वाळूवर घसरून कोपर फुटलं. पण हळूहळू छाती मोकळी होत गेली. पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग आणखी एक. लहानपणी दहा पावलं न पळालेला माणूस तलावाच्या चढावर चौकीदाराशी गप्पा मारत जायला लागला. कौतुकाने माझा ऊर भरून यायचा, आणि लगेच काचेतला आकडा आठवून मी खाली मान घालायचो. म्हणजे घातली असती, मान असती तर.

फेरी संपली की बारक्या खिशातून वही काढायचा आणि तारखेपुढे माझा आकडा लिहायचा. वीस वर्षं मीटरं वाचलेला हात, अक्षर सुबक. त्याने मनाशी नेम केला होता. तलावावर एका दमात साठ झाले, की त्या पुढच्या रविवारी दादाकडे. साठ म्हणजे साठ. रस्त्यात दम तुटला, टेम्पोत सायकल टाकून दादाच्या दारात उतरावं लागलं, तर? ते त्याला सोसवणार नव्हतं.

आणि या नेमापायी त्याने एक गोष्ट केली. त्याने बसने जाणं बंद केलं. रविवार तलावावर जायचा ना.

पहिल्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, मध्ये एकदा बसने जाऊन या की. वाट बघत असतील."

"आता सायकलनेच. एकदा साठ होऊ दे."

दादाचा फोन रविवारी यायचा, बारक्या चौकीच्या पायरीवर बसून मोठ्या आवाजावर ठेवून बोलायचा. नळीतून वारा फुसफुसायचा, मधून शब्द यायचे.

"किती झाले रे?"

"बत्तीस, दादा."

"वा रे पठ्ठ्या! अरे, बसने ये एखाद्या दिवशी. गप्पा मारू."

"नाही दादा. तू म्हणालास ना, सायकलने ये. आता तसाच येणार."

"मी काय, बोलून गेलो रे."

बारक्याला वाटायचं, दादा चेष्टा करतोय. मला ऐकू येत होतं की तो विनवतोय. चार-पाच रविवारांनंतर दादाने बसचं नाव काढणं सोडलं. नुसतं विचारायचा, किती झाले.

तसा सुटकेचा एक दरवाजा उघडला होता. तो एक रविवार मी जन्मात विसरणार नाही. चौकीदाराला सवय होती, बारक्याची एक फेरी झाली की चौकीच्या खिडकीत एक खडा ठेवायचा. त्या दिवशी बारक्या पाचव्या फेरीनंतर थांबला. घामाने चिंब, पण श्वास जागेवर. चौकीदार खडे मोजून टुणकन उठला.

"साहेब, पाच! बारा पंचे साठ! झाले की तुमचे साठ!"

बारक्याने माझ्याकडे पाहिलं. मी दाखवत होतो पंचेचाळीस पूर्णांक सहा.

"कुठले साठ? पंचेचाळीस झालेत. फेरी नऊची आहे."

"बाराची आहे साहेब. टेप टाकून मोजलीय. आपल्याच खात्याने."

"आपल्याच खात्याने मोजलीय, म्हणूनच भरवसा नाही!" बारक्या खो खो हसला. मग माझ्या काचेवर अंगठा फिरवून, ज्या आवाजात तो तक्रारीच्या खिडकीत रोज बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "मीटर खोटं बोलत नाही हो."

अरे बोलतंय! बोलतंय रे बाबा! मी आतल्या आत ओरडत होतो. त्या माणसाचं ऐक, त्याचे खडे खरे आहेत, मला टाचणी टोच, मला तलावात फेकून दे! काचेवर अक्षर उमटलं नाही. पंचेचाळीस पूर्णांक सहा, तेवढंच.

चौकीदार मिशीत काहीतरी पुटपुटला. साहेब माणूस, खात्यातला, त्याच्याशी किती वाद घालणार? खडे उचलून त्याने पाण्यात टाकले. "असतील बुवा नऊ," म्हणाला.

"चौदा राहिले," बारक्या म्हणाला आणि वहीत आकडा लिहिला.

त्यानंतर सहा रविवार गेले. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. एक्कावन्न. प्रत्येक आकड्याला बारक्या खुलत होता आणि फोनवरचा आवाज खोल खोल जात होता. बारक्याच्या ते ध्यानात आलं नाही असं नाही. म्हणूनच तो जास्त जोर लावत होता. एका रविवारी ठरलेल्या दोनच्या जागी चार वाढवायला निघाला, तर पोटरी धरली आणि दोन दिवस लंगडत होता. सहाव्या रविवारी मी सत्तावन्न दाखवले. खरे पंच्याहत्तर झाले होते. त्या दिवशी तो दादाच्या दारावरून पुढे पंधरा किलोमीटर गेला असता.

"दादा, सत्तावन्न! तीनच राहिले. पुढच्या रविवारी साठ, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुझ्या दारात."

नळीची फुसफुस आली. मग दादा म्हणाला, "बरं. सावकाश ये."

बुधवारी सकाळी फोन आला. मी जिन्याखाली सायकलवर होतो. वर खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग बायकोचं "अहो, अहो" ऐकू आलं. थोड्या वेळाने दोघं जिना उतरून माझ्या अंगावरून गेली. बाहेर भाड्याची गाडी उभी होती. तासा-सव्वा तासात पोचले असतील.

चौथ्या दिवशी परत आल्यावर बारक्या जिन्याखाली येऊन बसला. सायकलची मूठ धरली आणि सोडेना. बायको खाली आली, "चला, दोन घास खाऊन घ्या," म्हणाली. तो म्हणाला, "तीन राहिले होते गं. तीनच."

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, त्याने सायकल बाहेर काढली. बायको म्हणाली, "वहिनींना भेटायचंय ना, मग बसने चला, मीही येते."

"सायकलने येतो म्हटलं होतं," तो म्हणाला. "कमी पडले तर ढकलत नेईन."

ढकलत नेईन! हे आधी सुचलं असतं तर? पण हे मी कोणत्या तोंडाने विचारू?

हमरस्त्याला लागलो. इथे कडेला किलोमीटरचे दगड होते. सुरुवातीला त्याचं लक्षच नव्हतं, मान खाली घालून पॅडल मारत होता. दादाच्या गावाला चाळीस राहिल्याचा दगड आला तिथे पाणी प्यायला थांबला, आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. पंधरा पूर्णांक दोन. दगड म्हणत होता वीस आलास, मी म्हणत होतो पंधरा.

तो दगडाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग खिशातून वही काढून आकडा लिहिला, सायकलवरून उतरला आणि हातात धरून चालत पुढच्या दगडापर्यंत नेली. आकडा लिहिला. वजाबाकी केली. पुन्हा त्याच्या पुढच्या दगडापर्यंत. तक्रारीचं मीटर असंच तपासतात. ठरलेल्या मापाची बादली नळाखाली धरायची, भरू द्यायची, आणि मीटर काय म्हणतं ते बघायचं. वीस वर्षं त्याने लोकांच्या दारात हेच केलं होतं. मला तपासायला त्याला पाच महिने लागले, आणि दोन दगड.

त्याने डोकं हँडलवर टेकलं. माझ्या काचेवर पाणी पडलं. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला, "काय झालं हो, पंक्चर का?" त्याने मान हलवली.

उरलेला रस्ता त्याने न थांबता कापला, आणि सांगतो, त्याला दमसुद्धा लागला नाही. हेच जास्त लागलं त्याला. चढ आला की तो मुद्दाम जड गिअर टाकायचा, पाय थकावेत म्हणून, आणि पाय थकत नव्हते.

दादाच्या दारात उतरला तेव्हा मी दाखवत होतो पंचेचाळीस पूर्णांक सहा.

दाराशी खुर्ची होती. वहिनी बाहेर आल्या. सायकलकडे पाहून पदर तोंडाला लावला. "आलात भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मग पाणी दिलं आणि आपणहून बोलायला लागल्या. "रोज संध्याकाळी खुर्ची इथे लावून मागायचे. बारक्या रस्ता चुकेल, म्हणायचे, मी दिसलो पाहिजे. मध्ये चांगले आठ-दहा दिवस बरे होते हो. भिंतीला धरून स्वतःच्या पायाने दारापर्यंत यायचे."

"कधी?" बारक्याने विचारलं. "वहिनी, कधीची गोष्ट?"

त्यांनी सांगितलं. त्याने खुर्चीत बसून वही उघडली, बोट लावत पानं मागे नेली. पंचेचाळीस पूर्णांक सहा. पाच फेऱ्या, पाच खडे. तोच आठवडा.

मला वाटलं, आता मला दगडाने ठेचेल. मी मनापासून तयार होतो. त्याने हळूच मला हँडलवरून काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. परत येताना मिस्त्रीकडे थांबला. मिस्त्रीने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. "हात्तिच्या, लहान चाकाचं माप राहिलं की! आणा, टाचणीने दोन मिनिटांत करून देतो."

"नको," बारक्या म्हणाला.

तेव्हापासून मी खिशात आहे. सायकल जिन्याखाली उभी आहे, दोन्ही चाकांतली हवा गेलीय. पट्टा पुन्हा पहिल्या भोकावर आला. जिना चढताना त्याची छाती पुन्हा भरून येते, मला आतून ऐकू येतं. चौकीदार एकदा ऑफिसात येऊन गेला. "साहेब, तलावावर या की," म्हणाला. बारक्याने त्याचे दोन्ही हात धरले.

परवा खिडकीवर एक बाई आल्या, आमचं मीटर चुकतंय म्हणाल्या. पूर्वी तो ठरलेलं वाक्य टाकायचा. आता त्याने बादली उचलली आणि त्यांच्यामागून निघाला. दुपारी जागेवर बसला की मला बाहेर काढतो, अंगठ्याने जागं करतो आणि तो आकडा बघत बसतो. शून्याचं बटण दाबत नाही. आकडा फिकट होत चाललाय. सेल आज जाईल, उद्या जाईल.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तक्रारीच्या खिडकीत, खिशात काळा डबा घेऊन बसलेला माणूस भेटला, तर माझं एक काम करा. त्याच्या हातातून मला घ्या आणि कचऱ्यात टाका. आणि त्याला सांगा, मीटर खोटं बोललं, पाय खोटं बोलले नव्हते. पाच खड्यांच्या त्या रविवारी तू दादाच्या दारापर्यंत सायकल मारली होतीस. दादा भिंतीला धरून दारात आला होता. तू तेवढा तलावाभोवती फिरत होतास.